तीस सेंटिमीटरचं हवाई दल

 

शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी आठवते? ती डोळ्यांसमोर आडवी धरा. भारतीय हवाई दलाचं पहिलं विमान ४८ पटींनी लहान केलं, तर त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पट्टीत जेमतेम मावतात. साडेएकोणतीस सेंटिमीटर. लांबी साधारण वीस. गेले आठ महिने मी हे विमान बनवतोय, आणि आजचा भाग त्याच्याबद्दलच आहे. विमानाचं नाव वेस्टलँड वॉपिटी.

राफेल, सुखोई, मिग हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. वॉपिटी म्हटलं की समोरचा माणूस विचारतो, ‘हे औषध आहे का?’ वॉपिटी म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, सांबराचं भाऊबंद म्हणा. पण विमान पाहिलंत तर हरणासारखं काहीही दिसणार नाही. वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये खांब, खांबांमध्ये तारांचं जाळं, नाकावर उघडं इंजिन, आणि पाठीवर दोन भोकं. एका भोकात वैमानिक, मागच्यात तोफची म्हणजे गनर. डोक्यावर छप्पर नाही. हे चालवणाऱ्या इंग्रजांनीच त्याच्या नावाची थट्टा करून ठेवली होती : ‘व्हॉट-अ-पिटी’. केवढी ही कीव!

आता, हे विमान असं का दिसतं, त्याला कारण आहे. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडे डीएच-नाइन-ए नावाच्या विमानांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे ढीग उरले होते. ती विमानं म्हातारी झाली, नवं विमान हवं झालं, पण सरकारने अट घातली की जुन्या विमानाचे जितके भाग वापरता येतील तितके वापरा. इंग्लंडमधल्या योव्हिल गावच्या वेस्टलँड कंपनीने मग नवं धड, नवं इंजिन आणि जुने पंख अशी जुळवाजुळव केली. १९२७ च्या मार्चमध्ये ते पहिल्यांदा उडालं. पुढे सुधारणा होत होत सांगाडा पूर्ण धातूचा झाला, पण वरून कापडच राहिलं. अशी पाचशेहून जास्त विमानं बनली, आणि त्यातली पुष्कळशी आली भारतात, वायव्य सरहद्दीवर. काटकसरीतून जन्मलेलं विमान काटकसरीच्या कामाला आलं. ते काम काय, ते पुढे सांगतो.

पूर्ण स्वरूपात उरलेलं जगातलं एकमेव वॉपिटी आपल्याकडे आहे. दिल्लीत पालमला, हवाई दलाच्या संग्रहालयात. दिल्लीला जाणार असाल तर नक्की बघा. मी दोरीच्या अलीकडे तासभर उभा होतो आणि पहारेकऱ्याला माझा संशय यायला लागला होता. लोक आत येतात, पाकिस्तानी रणगाड्याकडे आणि मोठ्या जेटकडे जातात. वॉपिटीपाशी कोण थांबत नाही.

दुकानात मॉडेल किट मागितलं तर स्पिटफायर मिळतं. हवी तेवढी स्पिटफायर मिळतात. वॉपिटी मात्र मला हव्या त्या मापात मिळेना, म्हणून प्लास्टिकच्या शीट, पितळेच्या बारीक नळ्या, आणि आराखडा समोर ठेवून सगळं हातानेच करायचं ठरवलं. आराखडा म्हणजे वरून, बाजूने आणि समोरून काढलेली तीन चित्रं. त्यावरून माप घ्यायचं, ४८ ने भागायचं, कापायचं, पॉलिश पेपरने घासायचं, परत मापायचं. पहिले दोन महिने घरात फक्त पांढरी पूड दिसत होती. आईला वाटलं मी कुठेतरी रांगोळीचा धंदा सुरू केलाय.

सगळ्यात जास्त वेळ इंजिनाने खाल्ला, आणि तो वेळ मी आनंदाने दिला. ब्रिस्टल ज्युपिटर. नऊ सिलिंडर, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. हे इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड व्हायचं. म्हणजे सिलिंडर बाहेर, वाऱ्यात. सरहद्दीवरच्या उन्हाळ्यात पाण्याचा रेडिएटर म्हणजे रोजची डोकेदुखी असते, तिथे हे इंजिन सोयीचं. प्रत्येक सिलिंडरला बाहेरून पातळ पातळ कड्या असतात, आपल्या बुलेटच्या किंवा स्प्लेंडरच्या इंजिनाला असतात तशाच, आणि कामही तेच, वाऱ्याला जास्त जागा द्यायची. माझ्या मापात पूर्ण इंजिन दहा रुपयांच्या नाण्याहून थोडंसं मोठं होतं. एक सिलिंडर म्हणजे जाड उदबत्तीचा छोटा तुकडा समजा. त्यावर कड्या कशा करणार? जुन्या बंद पडलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर फोडला, आतली केसासारखी तांब्याची तार काढली, आणि प्लास्टिकच्या कांडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळली. नऊ वेळा. वेढा सुटला की पहिल्यापासून. सहाव्या सिलिंडरला आल्यावर हात शिकतो, आणि मग पहिले पाच नजरेला खुपायला लागतात. ते पुन्हा केले.

इथे थोडा वेळ मॉडेल बाजूला ठेवू आणि कराचीला जाऊ.

८ ऑक्टोबर १९३२. भारतीय हवाई दलाचा कायदा लागू झाला. आपण दरवर्षी हवाई दल दिन याच तारखेला साजरा करतो. याच्या आधी दहा-बारा वर्षं वाद चालू होता की भारतीयांना सैन्यात अधिकारी करायचं की नाही. स्कीन समिती नेमली, तिच्यावर जिना होते, काही काळ मोतीलाल नेहरूही होते, आणि त्या समितीने सुचवलं की भारतीय मुलांना इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई कॉलेजात घ्या. पण थेट रॉयल एअर फोर्समध्ये घेतलं तर काय होईल? गोऱ्या सैनिकाला काळ्या अधिकाऱ्याला सलाम करावा लागेल. म्हणून भारतीयांसाठी वेगळं दल. अधिकारी भारतीय तर हाताखालचे मेकॅनिकही भारतीयच. म्हणजे आपलं हवाई दल जन्मलं ते अभिमानातून जितकं, तितकंच या पंक्तिप्रपंचातून.

१९३० मध्ये सहा मुलं क्रॅनवेलला गेली. हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपिंदर सिंग, ऐजाद बक्श अवान, अमरजीत सिंग हे पाच वैमानिक झाले. सहावे जे. एन. टंडन, त्यांची उंची कमी पडली, म्हणून त्यांना सामानसुमानाचा विभाग मिळाला. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. स्क्वाड्रन म्हणायची एवढंच. विमानं चार. चारही वॉपिटी. अधिकारी सहा, आणि १९ हवाई सिपाही. प्रमुख अर्थातच इंग्रज, सेसिल बाउशिये नावाचे.

कराची ऐकून ‘हे तर पाकिस्तान’ असं म्हणू नका. त्या दिवशी कराची मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे तेव्हाच्या नकाशावर हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन मुंबई सरकारच्या हद्दीत जन्मली. आणि हा ड्रिग रोड तळ तुम्ही दुसऱ्या एका गोष्टीत ऐकलाय. कायदा लागू झाल्यावर बरोबर एका आठवड्याने, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा पुस मॉथ विमानात टपाल घेऊन जुहूकडे निघाले, ते याच ड्रिग रोडवरून. आपल्या नागरी विमानसेवेचा आणि हवाई दलाचा उंबरठा एकच. त्याच्याही पाच वर्षं आधी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ नाव बदलून, शॉ या नावाने, साधा सैनिक म्हणून याच तळावर इंजिन दुरुस्तीच्या विभागात काम करत होता. या एका धावपट्टीवर वेगळा भाग करता येईल. करू कधीतरी.

आणखी एक योगायोग सांगतो, मला तो फार आवडतो. स्क्वाड्रन उभी राहिली १ एप्रिलला. ३ एप्रिलला बिहारमधल्या पूर्णियाजवळून दोन विमानं उडाली आणि माणूस पहिल्यांदा एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेला. ती दोन्ही विमानं वॉपिटीच्याच कुळातली होती. एक तर वॉपिटीचंच सुधारलेलं रूप, इंजिन तेवढं जास्त ताकदीचं. सरहद्दीवर ज्याची कीव करायचे, त्याच्या भावाने एव्हरेस्ट ओलांडलं.

बरं, परत टेबलावर.

दुपंखी विमान बनवणाऱ्या कुणालाही विचारा, खरी परीक्षा कुठे असते? तो सांगेल, तारांमध्ये. लोकांना वाटतं या तारा शोभेला आहेत किंवा खबरदारी म्हणून आहेत. तसं नाही. दोन पंख, मधले खांब आणि तिरक्या तारा मिळून पुलासारखी एक चौकट होते. रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलाच्या बाजूला तिरके पट्टे असतात ना, तेच तत्त्व. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, तेव्हा काही तारा त्यांना खाली धरून ठेवतात. जमिनीवर टेकल्यावर पंखांचं वजन खाली लोंबतं, तेव्हा उलट्या दिशेच्या तारा ते पेलतात. वॉपिटीला प्रत्येक बाजूला खांबांच्या दोन जोड्या, म्हणजे अशा दोन-दोन चौकटी. एका तारेचा ताण कमीजास्त झाला तर पंख पिळतो, आणि पिळलेला पंख घेऊन विमान सरळ उडत नाही.

मी तारांसाठी मासे पकडायची सगळ्यात बारीक दोरी वापरली. पंखाला सुईएवढ्या हातड्रिलने भोक, त्यात दोरीचं टोक, सुपर ग्लूचा टिपूस, दुसरं टोक ओढून समोरच्या भोकात. एक तार ओढली की आधीची सैल पडते. ती ताणली की तिसरी. तीन रात्री याच खेळात गेल्या. किती तुकडे लागले ते मोजायचं मी सोडून दिलं. (वाचणाऱ्यांसाठी : रेकॉर्डिंगमध्ये इथे मी मॉडेल माईकजवळ धरून एक तार नखाने छेडली आहे. सतारीसारखी नाही, पण वाजते.)

आणि हे करताना माझ्या लक्षात आलं की मी वैमानिकाचं काम करतच नाहीये. मी हवाई सिपायाचं काम करतोय. खऱ्या स्क्वाड्रनमध्ये या कामाच्या माणसाला रिगर म्हणायचे. इंजिन बघणारा फिटर, आणि धड, पंख, कापड, तारा बघणारा रिगर. कापड लिननचं. ते शिवून, चढवून, वर डोप नावाचं द्रावण फासायचं, म्हणजे ते वाळून ढोलाच्या पानासारखं ताणलं जायचं. (पुष्कळ मॉडेलवाले पंखाच्या फासळ्यांमध्ये कापड खोल गेलेलं दाखवतात, उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखं. खरं विमान तसं असतं तर रिगरची नोकरी गेली असती.) त्यावर ॲल्युमिनियमचा चंदेरी थर, कारण उन्हाने कापड कुजतं. मग तारांचा ताण, रोज.

फोटो बघायला गेलं तर या पहिल्या वर्षांत वैमानिकांचेच सापडतात, टोप्या घालून, रांगेत. साहजिक आहे. पण चार विमानं उडती ठेवणारी ती १९ माणसं कोण होती? त्यांच्यातलं एक नाव पुढे मोठं झालं म्हणून आपल्याला माहीत आहे. हरजिंदर सिंग. लाहोरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला मुलगा, आणि भरती झाला हवाई सिपाही म्हणून, सगळ्यात खालच्या पायरीवर. इंजिनिअरिंग केलेल्या मुलाने आज शिपायाची नोकरी धरली तर घरचे काय म्हणतील, कल्पना करा. आपल्या लोकांना स्वतःची विमानं स्वतः सांभाळता आली पाहिजेत, हा त्याचा हट्ट होता. तो पुढे एअर व्हाइस मार्शल झाला, आणि कानपूरला ॲव्हरो वाहतूक विमानं देशात जोडायचं काम त्याच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. तिथलं पहिलं विमान १९६१ मध्ये उडालं. त्याला नाव दिलं ‘सुब्रतो’. म्हणजे ज्यांच्या वॉपिटीच्या तारा त्याच्या स्क्वाड्रनमध्ये ताणल्या जायच्या, त्या सुब्रतो मुखर्जींचं नाव.

मुखर्जी १ एप्रिल १९५४ ला हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्क्वाड्रन उभी राहिल्यापासून बरोबर २१ वर्षांनी, तारखेला तारीख. भूपिंदर सिंग आणि अमरजीत सिंग यांना मात्र पहिलं वर्षही पुरलं नाही. १९३३ मध्येच विमान कोसळून दोघे गेले. पाचांतले दोन, पाच महिन्यांत. कापड आणि तारांचं विमान म्हणजे काय, ते या आकड्यात कळतं.

आता रंग. इथे गंमत आहे आणि इथेच माझी खरी अडचण सुरू झाली.

मॉडेलला रंग द्यायचा म्हणजे तारीख ठरवावी लागते. पुस्तकात आपण ‘१९३० च्या दशकात’ असं लिहून मोकळे होतो. मॉडेलला दशक नसतं. त्याला एकच दिवस असतो. उदाहरणार्थ, शेपटीच्या उभ्या फळीवर, रडरवर, लाल-पांढरे-निळे पट्टे. ब्रिटिश विमानांवर हे पट्टे असायचे, १९३० मध्ये त्यांचा क्रम उलटा केला, आणि १९३४ मध्ये ते काढायचा हुकूम निघाला. म्हणजे पट्टे रंगवले तर माझं विमान १९३३ चं. कोरी शेपटी ठेवली तर नंतरचं. आणि जुने फोटो बघून ठरवू म्हटलं तर ते कृष्णधवल, त्यातही त्या काळची बरीच फिल्म अशी होती की तिला लाल रंग दिसायचाच नाही. लाल काळा येतो, निळा पांढुरका येतो. पंखावरच्या गोल चिन्हात बाहेर निळं, मध्ये पांढरं, आत लाल असतं. फोटोत बाहेरचं कडं उडून जातं आणि मध्ये एक काळा ठिपका उरतो.

हो, चिन्ह ब्रिटिशांचंच. ‘इंडियन एअर फोर्स’ असलं तरी पंखावर तेच. केशरी-पांढरं-हिरवं यायला स्वातंत्र्य यावं लागलं. मला एका मित्राने सुचवलं, अरे तू आपलं तिरंगी लाव ना, कोणाला कळणार आहे. मला कळणार आहे.

तर माझ्यापुढे तीन दिवस होते. पहिला, १९३३ ची कराची. चकचकीत चंदेरी विमान, शेपटीवर पट्टे, पंखाखाली काही नाही. स्पर्धेत बक्षीस मिळवणारं मॉडेल असंच असतं. दुसरा दिवस, १९३७ च्या शेवटाकडचा, वझिरिस्तानातलं मीरमशाह. तिसरा, १९४० च्या आसपासची मुंबई.

मुंबईचा आधी सांगतो, कारण मोह तिथेच होता. दुसरं महायुद्ध येतंय म्हटल्यावर बंदरांच्या राखणीसाठी स्वयंसेवक वैमानिकांच्या किनारा-रक्षक तुकड्या काढल्या. एक नंबर मद्रास, दोन नंबर मुंबई, तीन कलकत्ता, चार कराची, पाच कोचीन, आणि नंतर विशाखापट्टणम. त्यांना विमानं कुठली दिली? वॉपिटी! निवृत्त केलेली. म्हणजे जर्मनी आणि जपानशी युद्ध, आणि मुंबईच्या समुद्रावर पहारा द्यायला हे कापडी हरीण. त्याहून भारी पुढे आहे. पहिल्या स्क्वाड्रनला वॉपिटीच्या जागी हॉकर हार्ट मिळालं होतं, पण सुटे भाग संपले आणि वर्षभरात ती परत वॉपिटीवर आली. १९४१ मध्ये दुसरी स्क्वाड्रन पेशावरला उभी केली, तिलाही किनारा-रक्षक तुकड्यांकडून परत मागवलेली वॉपिटीच दिली. आपल्याकडे जुना मोबाइल घरात आईकडून बाबांकडे, बाबांकडून आजीकडे फिरतो, तसं हे विमान फिरत राहिलं. मुंबईचं वॉपिटी करायचं, डागाळलेलं, ठिगळं लावलेलं, मला सहज जमलं असतं. आणि आपल्या गावचं म्हणून ऐकणाऱ्यांना आवडलंही असतं.

पण मी मीरमशाह निवडलं.

मीरमशाह म्हणजे उत्तर वझिरिस्तान, अफगाण सीमेला लागून. स्क्वाड्रन उभी राहिल्यावर साडेचार वर्षांनी तिची ‘ए’ फ्लाइट पहिल्यांदा लढाईत उतरली, ती इथे. भारतीय हवाई दलाची पहिली लढाई. कोणाविरुद्ध? भिट्टनी नावाच्या पठाण टोळीविरुद्ध. तिच्याकडे विमानं नव्हती, विमानविरोधी तोफा नव्हत्या, बंदुका होत्या. मी मघाशी काटकसरीचं काम म्हणालो ते हे. डोंगरात फौज पाठवणं महाग पडतं, माणसं मरतात, तर त्यापेक्षा विमानाने ‘बंदोबस्त’ ठेवा. आधी पत्रकं टाकायची की अमुक दिवसांत गाव सोडा, दंड भरा, माणसं स्वाधीन करा. मुदत संपली की बॉम्ब. गावांवर. वॉपिटीने वायव्य सरहद्दीवर वर्षानुवर्षं हे काम केलं, बहुतेक वेळा गोऱ्या वैमानिकांच्या हातून. नंतर भारतीय वैमानिकांच्या हाती तीच विमानं आणि तीच सरहद्द आली.

आणि याला जगात कोणी नाव ठेवत नव्हतं असंही नाही. १९३३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला निःशस्त्रीकरण परिषदेत ब्रिटनने स्वतःच एक मसुदा मांडला. त्यात हवाई बॉम्बफेकीवर बंदी होती. फक्त एक अपवाद होता : दूरच्या काही प्रदेशांतला पोलिसी बंदोबस्त. युरोपवर बॉम्ब नको, वझिरिस्तानवर चालेल. हा मसुदा आला आणि दोन आठवड्यांनी ड्रिग रोडवर आपली चार वॉपिटी रांगेत उभी राहिली.

माझा नऊ वर्षांचा भाचा टेबलापाशी येऊन बसतो. त्याने विचारलं, ‘मामा, हे कोणाशी लढायचं?’ मी म्हटलं, डोंगरातल्या लोकांशी. ‘ते वाईट होते?’ मी म्हटलं, त्यांना इंग्रजांचं राज्य नको होतं. तो म्हणाला, ‘मग ते आपल्या बाजूचे ना?’ मी त्याला पॉलिश पेपर दिला आणि एक खांब घासायला लावला.

सरळ उत्तर देणं मला अवघड वाटतं, आणि मला वाटतं ते अवघडच राहायला हवं. कारण या टोळ्यांचं आणि आपल्या स्वातंत्र्यलढ्याचं सरसकट समीकरण मांडणंही खोटं आहे, त्यांचे स्वतःचे हिशेब होते, धाडी होत्या, आपसातली वैरं होती. आणि मुखर्जी किंवा हरजिंदर सिंग हे ‘इंग्रजांचे हस्तक’ होते असं म्हणणं तर आळशीपणाचं आहे. त्यांना पक्कं ठाऊक होतं की भारतीयांना विमान चालवता येत नाही, सांभाळता तर मुळीच येत नाही, हे सिद्ध व्हायची कोणीतरी वाट बघतंय. ते चुकले असते तर दल बंद झालं असतं. ते चुकले नाहीत. त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी गावाने दिली. ही दोन वाक्यं मला एका श्वासात म्हणता येतात, पण एकमेकांत मिसळता येत नाहीत.

म्हणून माझ्या मॉडेलच्या पंखाखाली बॉम्ब आहेत. वीस पौंडी बॉम्ब या मापात तांदळाचे दोन दाणे एकापुढे एक ठेवले तेवढा होतो. पितळेच्या तारेचा तुकडा, एक टोक गोल घासलेलं, दुसऱ्याला चांदीच्या कागदाची चार पाती. चिमट्याने धरावा लागतो. असे आठ केले. शेपटी कोरी ठेवली, पट्टे नाहीत, ते दिवस गेलेले. चंदेरी रंगावर धुळीचा पातळ थर, चाकांवर जास्त. इंजिनामागे तेलाचे ओघळ, कारण ही इंजिनं तेल ओकायचीच. धडाखाली एक छोटा आकडा लावलाय, तो मला फार आवडतो : फौजेसोबत काम करणाऱ्या विमानांना असा आकडा असायचा. जमिनीवर दोन काठ्यांच्या मध्ये दोरीला चिठ्ठी बांधून धरायची, विमानाने खाली येऊन ती उडता उडता उचलायची. तेव्हाचं व्हॉट्सॲप. जमिनीवरून वर निरोप द्यायचा तर कापडाच्या पट्ट्या पसरून खुणा करायचे. हे सगळं मूठभर रेडिओ सेट आले नव्हते म्हणून.

आता उरलंय शेवटचं काम, माणसं. सहसा मॉडेलमध्ये वैमानिक बसवतात, गॉगल लावलेला, मान वर. मी पुढचं भोक रिकामं ठेवणार आहे. मागच्या भोकात, बंदुकीच्या गोल कड्यापाशी, एक हवाई सिपाही उभा करतोय. पुष्कळ वेळा तो दिवसा विमान दुरुस्त करणारा आणि उडताना मागे बंदूक धरणारा, असा एकच माणूस असायचा. उघड्या भोकात उभं राहून मागे तोंड करून उडायचं, आणि झटका बसून बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून कमरेची साखळी विमानाच्या तळाला अडकवायची. साखळीही केली आहे, त्याच ट्रान्सफॉर्मरच्या तारेला पीळ देऊन. उंची साडेतीन सेंटिमीटर, चेहरा अजून रंगवायचाय. फोटो पुढच्या आठवड्यात याच पानावर टाकतो, तोवर पालमला कोणी जाऊन आलात तर वॉपिटीच्या शेपटीचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा, खालच्या तारा नेमक्या कुठे बांधल्यात ते दोरीच्या अलीकडून नीट दिसलं नव्हतं.